रद्दीवाल्याला काय सांगायचं?

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

‘सगळं ऑनलाइन आहे, ग्रंथालयातली कपाटं रिकामी करा’ असा तुला प्राचार्यांचा हुकूम झाला आणि रद्दीवाला येऊन वजनाचा अंदाजही घेऊन गेला. ‘सर, त्याले काय सांगू?’ असं अहिराणीत विचारलंस, म्हणजे चांगलीच धास्तावलेली दिसतेस.

आधी कपाटात काय आहे ते बघ. इंग्रजी नियतकालिकं एन-लिस्टवर, म्हणजे कॉलेजांना ई-नियतकालिकं आणि ई-पुस्तकं पुरवणाऱ्या योजनेत, बरीचशी सापडतील. मात्र एखादा डेटाबेस वेगळा विकत घेत असाल, तर वर्गणी थांबल्यावर पैसे भरलेल्या वर्षांचे अंक उघडणार की नाही, ते करारात वाच. छापील अंक बंद केला तरी जुने खंड फळीवर राहतात; ऑनलाइनमध्ये मात्र भाडं थकलं की भांडी रस्त्यावर.

आपल्या वार्षिकांकात पोरांनी आज्यांकडून लिहून आणलेल्या अहिराणी ओव्या, तालुक्याच्या साप्ताहिकांच्या फायली, हे मात्र कुणाच्याच सर्व्हरवर नसतं. स्कॅनिंग तिथून सुरू कर. निदान ३०० डीपीआय (इंचाला इतके ठिपके) ठेव, बारीक टाइप असेल तर ४००. मूळ प्रत टिफ फाइलमध्ये, वाचायला पीडीएफ. फाइलच्या नावात वर्ष आणि अंक घाल. ‘स्कॅन००१’ नावाच्या हजार फायली म्हणजे नुसता उकिरडा. जुन्या खिळ्यांच्या छपाईतली जोडाक्षरं ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणारा प्रोग्राम, हमखास चुकवतो, म्हणून लेखक आणि शीर्षकं हातानं टाइप कर. कंटाळवाणं काम आहे, पण पुढचा वाचक त्याच दारानं आत येणार.

आणि टाइप युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही संगणकावर वाचता येणाऱ्या अक्षरसंकेतात. ही माझी जुनी जखम आहे. संगणक नवा होता तेव्हा आम्ही मराठी पुस्तकांची अख्खी यादी त्या काळच्या एका फाँटात केली, दोन उन्हाळे घालवून. परवा ती फाइल उघडली तर पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा भुसा! त्याच पुस्तकांचं दाखल रजिस्टर, शाईनं लिहिलेलं, कडेला वाळवीनं कुरतडलेलं, आजही कुणीही वाचू शकतं.

सवड काढून धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळात जाऊन ये. इतिहासकार वि. का. राजवाडे गावोगाव पायपीट करून दप्तरं गोळा करायचे. त्यातले किती कागद एरवी बंबात गेले असते कुणास ठाऊक. ३१ डिसेंबर १९२६ ला ते धुळ्यातच वारले आणि १९२७ मध्ये मंडळ उभं राहिलं. जुने कागद कसे सांभाळतात ते तिथल्या माणसांना विचार. मी बोलून सांगण्यापेक्षा ते बरं.

स्कॅनच्या दोन प्रती कर, एक कॉलेजबाहेर ठेव. आपल्याकडे मे महिन्यात खोलीची भट्टी होते, हार्ड डिस्क पत्र्याखाली नको.

प्राचार्यांशी भांडू नकोस. दोन याद्या घेऊन जा : कुठे काय ऑनलाइन मिळतं त्याची एक, आणि जे कुठेच नाही त्याची दुसरी. पहिलीतलंही निर्लेखनाच्या, म्हणजे नोंदीतून रीतसर कमी करण्याच्या, ठरावाशिवाय हलवू नकोस. रद्दीवाल्याला सांग, दिवाळीनंतर ये. वार्षिकांकांच्या कपाटाची किल्ली मात्र तुझ्याकडेच राहू दे.

तुझा,
सर