चार कोटींच्या आधी मामांचे पाच लाख

सावद्याहून एका वाचकाचं पत्र आलं आहे. वय ३१. केळी पिकवण्याच्या चेंबरमधलं तापमान, ओलावा आणि इथिलीन मोजून मोबाइलवर दाखवणारी यंत्रणा ते आणि त्यांचे एक भागीदार बनवतात. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे, गेल्या वर्षीची विक्री १ कोटी १० लाख. एका व्हेंचर कॅपिटल फंडाने त्यांना टर्मशीट (गुंतवणुकीच्या अटींचा प्राथमिक कागद) दिली आहे: १६ कोटी प्री-मनी मूल्यांकनावर, म्हणजे पैसे येण्याआधी कंपनीची किंमत १६ कोटी धरून, ४ कोटींची गुंतवणूक. प्रश्न एकच, '१६ घ्यावं की २० मागावं? दोन दिवसांत सही करायची आहे.' शेवटी जाता जाता दोन ओळी आहेत. ऑगस्ट २०२३ मध्ये ११ नातेवाईक-मित्रांकडून 'शेअरसाठी' ३८ लाख घेतले, त्यांना मिळून १२ टक्के द्यायचे ठरले आहेत, 'कागद नंतर करू'. आणि वडिलांची चार एकर केळीची जमीन पतसंस्थेकडे गहाण ठेवून १४ टक्क्यांनी उचललेले २५ लाख फंडाच्या पैशातून फेडायचे आहेत.

नमस्कार. तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते छोटं आहे. १६ कोटींवर अडू नका. ताकद लावायची ती दुसऱ्या दोन कलमांवर.

टर्मशीटमध्ये लिक्विडेशन प्रेफरन्स, म्हणजे कंपनी विकली गेल्यावर आधी पैसे उचलण्याचा फंडाचा हक्क, 'पार्टिसिपेटिंग' आहे. उद्या कंपनी २० कोटींना विकली गेली, तर फंड आधी आपले ४ कोटी उचलेल आणि उरलेल्या १६ कोटींत पुन्हा २० टक्के, म्हणजे ३ कोटी २० लाख घेईल. एकूण ७ कोटी २० लाख. हेच कलम 'नॉन-पार्टिसिपेटिंग' असतं तर त्याच विक्रीत फंडाला ४ कोटींच मिळाले असते. आता १६ ऐवजी २० कोटी मूल्यांकन मिळवून बघा. फंडाचा वाटा २० टक्क्यांवरून पावणेसतराच्या आसपास येतो आणि पार्टिसिपेटिंग कलम तसंच राहिलं तर त्या विक्रीत फंडाला साधारण ६ कोटी ७० लाख जातात. चार कोटी मूल्यांकन वाढवून वाचले ५० लाख. एक शब्द बदलून वाचतात ३ कोटी २० लाख.

दुसरं कलम 'फुल रॅचेट'. गुंतवणुकीची पुढची फेरी निम्म्या भावाने झाली तर फंडाचे शेअर दुप्पट होतात. शंभरातले २० होते ते १२० पैकी ४० होतील, म्हणजे पुढचा गुंतवणूकदार यायच्या आधीच ३३ टक्के. त्याजागी 'ब्रॉड-बेस्ड वेटेड अ‍ॅव्हरेज' मागा, त्यात जुन्या-नव्या भावाची सरासरी धरून फंडाला थोडेच जादा शेअर मिळतात. बहुतेक फंड ते मान्य करतात. संस्थापकांच्या शेअरवर चार वर्षांचं व्हेस्टिंग लावलंय, म्हणजे ते शेअर टप्प्याटप्प्याने तुमचे होणार, त्यात आजवरच्या तीन वर्षांच्या कामाचं श्रेय मागून घ्या. 'तीन वर्षांत १०० कोटींना विकू' हे तुमचं वाक्य मात्र हिशेबात धरू नका. सव्वा कोटीच्याही आत विक्री असलेल्या कंपनीने कलमं वाचताना आपण १२ किंवा २० कोटींना विकलो गेलो तर काय, हे डोळ्यांसमोर ठेवावं.

आता जे तुम्ही विचारलंच नाही त्याकडे येतो. तुमची खरी अडचण तिथे आहे.

'दोघांकडे मिळून ८० टक्के राहतील' असं तुम्ही लिहिलंय. राहणार नाहीत. टर्मशीटनुसार १० टक्क्यांचा कर्मचारी शेअर पूल (कर्मचाऱ्यांना द्यायला राखून ठेवलेले शेअर) गुंतवणुकीच्या आधी काढायचा आहे, म्हणजे तो तुमच्याच वाट्यातून जातो. फंडाचे २० आणि पूलचे १० वजा जाता उरले ७०. त्यातले १२ टक्के नातेवाइकांना कबूल केलेत, म्हणजे ८.४ गेले. उरतात ६१.६, प्रत्येकी ३१ च्या आत.

आणि ते ८.४ टक्के आज कोणाच्याच नावावर नाहीत. कंपनी कायद्याप्रमाणे शेअरसाठी पैसे घेतले की ६० दिवसांत शेअर द्यावे लागतात. न दिल्यास पुढच्या १५ दिवसांत पैसे परत. तेही न केल्यास साठाव्या दिवसापासून १२ टक्के व्याज, आणि ती रक्कम 'ठेव' ठरते. खासगी कंपनीला बाहेरच्यांकडून अशा ठेवी घ्यायला मनाई आहे. शेअर देईपर्यंत हे पैसे वेगळ्या बँक खात्यात ठेवायचे असतात आणि शेअर वाटल्याची सरकारदरबारी नोंद करणारा पीएएस-३ फॉर्म भरेपर्यंत वापरायचे नसतात. तुम्ही ते चालू खात्यात घेऊन सेन्सरच्या खरेदीत घातले. या कलमाखालचा दंड जमवलेल्या रकमेइतका होऊ शकतो, कमाल मर्यादा २ कोटींची.

पत्रासोबतच्या व्हॉट्सअ‍ॅपच्या चित्रात 'मामा, तुमचे २ टक्के पक्के' असं तुमच्याच नंबरवरून लिहिलेलं आहे. त्याच मामांच्या पाच लाखांपुढे बँकेच्या उताऱ्यात 'हातउसने' आहे आणि ताळेबंदात ते 'इतर देणी' झालेत. एका रकमेची तीन नावं. पैसे देण्याआधी फंड कंपनीची कागदपत्रं तपासतो, त्या पडताळणीत त्याचा वकील पहिल्याच आठवड्यात इथे बोट ठेवेल.

'नातेवाइकांचे पैसे चालतात' असं तुमच्या सीएंनी सांगितलं म्हणता. काही नातेवाइकांचे चालतात, तेही संचालकाच्या नातेवाइकाने दिलेलं कर्ज म्हणून. कंपनी कायद्यातले नातेवाईक म्हणजे नवरा-बायको, आईवडील, मुलगा-सून, मुलगी-जावई, भाऊ, बहीण आणि एकत्र कुटुंबाचे सदस्य. मामा, काका, मेव्हणे, साडू त्यात बसत नाहीत. मित्र तर नाहीतच. तुमच्या अकरापैकी नऊ जण या यादीबाहेर आहेत. कन्व्हर्टिबल नोटची, म्हणजे पुढे शेअरमध्ये बदलता येणाऱ्या कर्जाची, वाटही बंद आहे, कारण ती मान्यताप्राप्त स्टार्टअपसाठी असली तरी एका माणसाकडून एका हप्त्यात किमान २५ लाख लागतात.

मग करायचं काय? पैसे १२ टक्के व्याजासह बँकेतून परत करा. ३८ लाखांवर सव्वादोन-अडीच वर्षांचं व्याज ११ लाखांच्या आसपास, एकूण ४९ लाख धरा. यातले ९ लाख रोखीने आले होते असं दिसतंय. ते रोखीने परत करू नका. वीस हजार किंवा त्याहून जास्त रकमेची ठेव किंवा कर्ज रोखीने घेतलं तरी आणि फेडलं तरी तेवढाच दंड लागू शकतो. घेताना चूक झालीच आहे, फेडताना दुसरी नको.

परत केल्यावर त्यांना कंपनीकडून नव्याने शेअर देता येतील, पण नोंदणीकृत मूल्यांककाच्या आजच्या भावाने. त्या भावाने ३८ लाखांत साधारण अडीच टक्के येतात, बारा नाही. जुन्या भावाने दिलेत तर फरकावर घेणाऱ्याला आयकर पडू शकतो. शब्द पाळायचा असेल, आणि तो पाळावा असं मला वाटतं, तर तुम्ही आणि भागीदारांनी आपापल्या नातेवाइकांना आपल्या शेअरमधून भेट द्यावी. इथे आयकराची नात्याची व्याख्या रुंद आहे. मेव्हणे, साडू तिच्यात बसतात आणि त्यांना भेटीवर कर लागत नाही. पण नातं भेट घेणाऱ्याच्या बाजूने मोजतात: मामाने भाच्याला दिलेली भेट करमुक्त, भाच्याने मामाला दिलेली नाही. म्हणून मामा, काका, आते-मामे भाऊ आणि मित्र इथेही बाहेरच. त्यांना ५० हजारांपुढची भेट करपात्र होईल, तेव्हा त्यांच्याशी व्याजासह परतफेडीवर समोरासमोर बोला. ही भेट गुंतवणूक होण्याआधी आणि फंडाला कळवूनच व्हायला हवी. नंतर तुमच्या शेअरवर विक्री-हस्तांतराची बंधनं येतात.

आता वडिलांनी कर्ज काढून कंपनीत घातलेले २५ लाख. फंडाचे ४ कोटी कंपनीच्या खात्यात येतात, तुमच्या घरी नाही. फंडाला न विचारता त्यातून पतसंस्थेचं कर्ज फेडलंत तर तो कराराचा भंग. वडील यादीतले नातेवाईक आहेत, पण 'हा पैसा मी कर्ज काढून आणलेला नाही' असं त्यांनी कंपनीला लिहून द्यावं लागतं. तसं ते देऊच शकत नाहीत. म्हणजे हीसुद्धा ठेवच. पण याच कारणासाठी ती परत करणं कंपनीचं कर्तव्य ठरतं, आणि हा मुद्दा फंडापुढे मांडता येतो. ४९ आणि २५ मिळून ७४ लाख 'निधीच्या वापरात' लेखी दाखवून मंजुरी मागा. धंद्याला सव्वातीन कोटी उरतात, आराखडा तेवढ्याचा करा. दरमहा २९ हजारांचं नुसतं व्याज चाललंय. केळीचा भाव पडला, हप्ते थकले, तर पतसंस्था १०१ चा दाखला (सहकार कायद्यातला वसुलीचा दाखला) काढून जमिनीवर येईल. फंडाच्या ४ कोटींचा त्या सातबाऱ्याला काही उपयोग होणार नाही.

त्या कर्जासोबत एजंटाने तुमच्या गळ्यात मारलेली पॉलिसी पाहून राग आला. वर्षाला १ लाख २० हजार हप्ता आणि विमा फक्त १२ लाखांचा, डोक्यावर कर्ज २५ लाखांचं! तुमच्या वयाला एक कोटीचा टर्म इन्शुरन्स वर्षाला १२ ते १५ हजारांत मिळतो. आधी तो घ्या. तो सुरू झाल्यावर जुन्या पॉलिसीचे सरेंडर (आत्ता मोडली तर मिळणारी रक्कम) आणि पेड-अप (हप्ते थांबवून चालू ठेवली तर उरणारा विमा) असे दोन्ही आकडे विमा कंपनीकडून लेखी मागवा. चौथा हप्ता भरू नका.

भाऊ, दोन दिवसांत सही करू नका. टर्मशीटची बहुतेक कलमं बंधनकारक नसतात, पण ६० दिवस दुसऱ्या गुंतवणूकदाराशी बोलायचं नाही हे कलम सहीबरोबरच लागू होतं. सही झाल्यावर पडताळणीत ३८ लाख सापडले, तर भाव पाडायला फंड मोकळा आणि तुमचे हात बांधलेले. शिवाय अंतिम करारात 'कोणतीही ठेव घेतलेली नाही' अशी हमी दोघांना वैयक्तिक द्यावी लागेल आणि खोटी ठरली तर भरपाईही. म्हणून आधी अकरा जणांचा तक्ता करा: नाव, नातं, तारीख, रक्कम, बँक की रोख, काय कबूल केलं. तो घेऊन गुंतवणूक व्यवहार हाताळणाऱ्या कंपनी सेक्रेटरीकडे जा, जळगावात न मिळाल्यास नाशिक किंवा पुण्यात. तोवर फंडाला ईमेल करून तीन आठवडे मागा आणि कारण खरं सांगा. हे ऐकून जो फंड निघून जाईल, तो पडताळणीनंतरही गेलाच असता, आणि तोवर तुमचे साठ दिवस गेले असते.