अंग कचेरीचं, छप्पर देवळाचं

प्रश्न : मुलगा जपानात नागोयाला कारखान्यात आहे. त्यानं तिथल्या महापालिकेचा फोटो पाठवला. खाली इंग्रजी कचेरीसारखी इमारत, वर बुरुजावर देवळाचं छप्पर! पारावर दोन तट पडले : जुनं लाकडी देऊळ की मागाहून बसवलेलं? आमच्या ग्रामपंचायतीच्या नव्या इमारतीवरही शिखर घ्यायचं चाललंय.
– एक वाचक, ता. आर्वी, जि. वर्धा

उत्तर : दोन्ही तट हरले. खालपासून वरपर्यंत सगळं एकाच आराखड्यातलं, लोखंड-काँक्रीटचं, १९३३ सालचं. महापालिकेनं स्पर्धा घेतली, त्यात हिराबायाशी किंगो यांचा आराखडा निवडला गेला. बुरूज ५३.५ मीटर उंच. फोटो मोठा करून शेंड्यावर पाहा, 'शाची' दिसेल : वाघाच्या तोंडाचा मासा. लाकडी वाड्याला आग लागू नये म्हणून तो छपरावर बसवत. काँक्रीटला त्याचं काय काम? पण शेजारीच नागोयाचा किल्ला आहे आणि त्याच्यावर सोन्याचे शाची आहेत. त्या शेजाऱ्याचा मान ठेवलाय.

१९२३ च्या भूकंपात तोक्यो-योकोहामात विटांची बांधकामं ढासळली, लाकडी घरं जळाली. मग काँक्रीटवर भरवसा वाढला, पण इमारती युरोपातल्या दिसू लागल्या. म्हणून सरकारी इमारतींवर जपानी छप्पर चढवायची 'तेइकान' शैली आली. नव्या मताच्या वास्तुकारांनी नाकं मुरडली. मलाही बऱ्याच ठिकाणी ती सुटावर बांधलेल्या फेट्यासारखी वाटते, नागोयात मात्र शोभते. गंमत अशी, की १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात खऱ्या किल्ल्याचा मुख्य बुरूज जळाला, ही इमारत वाचली. आणि १९५९ मध्ये तो बुरूजही काँक्रीटचाच बांधला. महापालिकेचा कारभार अजून याच इमारतीतून चालतो.

आता तुमचं शिखर. मी जन्मभर ओव्हरसियरकी केली, म्हणून सरपंचांना दोनच गोष्टी विचारा. त्याचं वजन कोणत्या कॉलमवर येणार, हे नकाशात आहे का? आणि स्लॅब नि शिखराच्या सांध्यातलं पाणी कुठं जाणार? तो सांधा पहिल्याच पावसाळ्यात गळतो, आणि खाली बहुतेक दप्तराचीच खोली असते. नकाशात नसेल तर तो पैसा समोरच्या ओसरीला लावा. मे महिन्यात दाखल्यासाठी आलेली माणसं उन्हात उभी राहतात.