टीकात्मक नव्हे, क्रांतिक!

विचारणा अशी आहे: द्रवस्फटिकांच्या (म्हणजे द्रवासारखे वाहणारे, पण रेणूंची थोडी शिस्त राखणारे पदार्थ, त्यांच्या) मिश्रणांवरच्या लेखाचं भाषांतर करताना 'क्रिटिकल बिहेवियर'ला 'टीकात्मक वर्तन' म्हणावं की 'गंभीर वर्तन'? आणि 'फेज' म्हणजे अवस्था की प्रावस्था?

पहिली दोन्ही भाषांतरं चूक. प्रकृती गंभीर असते ती रुग्णाची, आणि टीकेचा तर इथे संबंधच नाही. 'क्रांतिक' हा नेमका शब्द आपल्या विज्ञानाच्या पुस्तकांत कधीचा रुळलेला आहे. तरी 'टीकात्मक' पुन्हा पुन्हा छापून येतं आणि दर वेळी चीड येते.

काही परिभाषाकार म्हणतात, क्रांतिकला राजकीय क्रांतीचा वास येतो, त्यापेक्षा 'निर्णायक' घ्या. आधार काय, तर ग्रीक 'क्रिनेइन': चाळणं, निवडणं, निवाडा करणं. व्युत्पत्ती बरोबर, निष्कर्ष साफ चूक! रसायनशास्त्रज्ञ थॉमस अँड्र्यूज यांनी १८६९ साली 'क्रिटिकल पॉइंट' हे नाव दिलं ते कार्बन डायॉक्साइडच्या प्रयोगांवरून. सुमारे ३१ अंश सेल्सिअसला, योग्य दाबाखाली, द्रव आणि वायू यांच्यातली सीमा फिकट होत होत नाहीशी होते. जिथे निवडायला दोन बाजूच उरत नाहीत, तिथे निवाडा कसला?

'क्रांतिक' मात्र चपखल बसतो. धातू क्रम्, म्हणजे पाऊल टाकणं. संक्रांत म्हणजे सूर्याचं पुढच्या राशीत पाऊल, क्रांतिवृत्त म्हणजे त्याची वाट. राजकीय अर्थ अगदी अलीकडचा. उचललेलं पण अजून न टेकलेलं पाऊल, तो क्रांतिक बिंदू. हा शब्द घडवणाऱ्याच्या कानात 'क्रिटिकल'चा 'क्रि' होता आणि मनात संक्रांत, असं माझं ठाम मत आहे.

८सीबी हा द्रवस्फटिक घ्या. ३३.५ अंशांच्या खाली तो स्मेक्टिक, म्हणजे रेणूंचे थर लागलेले. त्यावर निमॅटिक: थर गेले, पण रेणूंची दिशा साधारण एकच. निमॅटिक हळूहळू थंड करत ३३.५ कडे आणा. थर लागायच्या आधीच थरांचे पुंजके उमटतात, विरतात, पुन्हा उमटतात, आणि तो अंश जवळ येईल तसे मोठे होत जातात. विशिष्ट उष्माधारकतेचा आलेख सुळक्यासारखा वर चढतो. हे क्रांतिक वर्तन.

आता त्यात १०सीबी हा दुसरा द्रवस्फटिक मिसळा. त्याला निमॅटिक रूपच नाही. मिसळत जाल तसा निमॅटिकचा पट्टा आक्रसतो आणि एका ठरावीक प्रमाणापुढे निमॅटिकपासून स्मेक्टिककडे तोवर सलग होणारा बदल उडी मारून होऊ लागतो, त्याला सुप्त उष्मा लागतो. त्या सांध्यावरचा बिंदू त्रिक्रांतिक. हीलियमच्या दोन समस्थानिकांच्या मिश्रणातल्या अशाच बिंदूला भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट ग्रिफिथ्स यांनी १९७० साली हे नाव दिलं, कारण तीन क्रांतिक रेषा, म्हणजे क्रांतिक बिंदूंच्या रेषा, तिथे भेटतात. आणि तीन पावलांचा आपला देव कोण? त्रिविक्रम! ऋग्वेदात विष्णूच्या त्या पावलांसाठी 'वि चक्रमे' हेच क्रियापद येतं. तोच क्रम्. 'त्रिनिर्णायक' म्हणणाऱ्यांनी हा शब्द एकदा मोठ्याने उच्चारून पाहावा.

हो, 'फेज'. प्रावस्थाच म्हणा. ४०.५ अंशांना ८सीबीचा दुधी निमॅटिक पाण्यासारखा नितळ होतो; आधीही वाहता, नंतरही वाहता. अवस्था एक, द्रव; रेणूंची मांडणी वेगळी, म्हणून प्रावस्था दोन.