वाचकांचे प्रश्न : बाईंची गोष्ट सुरू कुठून करायची?

प्रश्न : नमस्कार ताई, माझी आई ३६ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत बाई होती, सगळी नोकरी आमच्याच तालुक्यातल्या चार गावांत झाली, आता तिला ८४वं चालू आहे. बाजारात गेलो की अजून माणसं वाकून नमस्कार करतात. नातवंडांसाठी तिच्याबद्दल लिहून ठेवायचंय, पण विचारलं की म्हणते, अगं त्यात काय लिहायचंय, सकाळी शाळेत गेले नि संध्याकाळी घरी आले. मी जन्म, लग्न, नेमणूक, बदल्या, आदर्श शिक्षक पुरस्कार असं चार पानं लिहिलं पण वाचताना ते सर्व्हिस बुक वाटतंय, आई कुठे दिसतच नाही. काय करू?
– एक वाचक, जळगाव जिल्हा

उत्तर : ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं, आणि चुकतंय कुठे ते तुम्हाला आधीच कळलंय. तारखा लागतातच, फक्त त्यांच्यापासून सुरुवात करू नका. आदिवासी पाड्यांवर बालवाड्या चालवणाऱ्या शिक्षिका अनुताई वाघांचंच बघा. जन्म १७ मार्च १९१०, मोरगाव. तेराव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांतच नवरा गेला. पुढे शिकल्या, नाशिक जिल्ह्यात खेड्यावर नोकरी, मग पुण्याला हुजूरपागा ह्या मुलींच्या शाळेत, १९४५ला बोर्डीला ताराबाई मोडकांच्या बालशिक्षणाच्या कामात, तिथून कोसबाडच्या टेकडीवर, १९८५ला पद्मश्री, १९९२ला गेल्या. झालं, ८२ वर्षं चार ओळींत संपली आणि बाई काही भेटल्या नाहीत.

आता तेच दुसऱ्या बाजूने सांगते. बोर्डी-कोसबाड म्हणजे डहाणूकडचा, सगळा वारली पाड्यांचा भाग. बालवाडी काढली खरी, पण पाड्यावरची पोरं येईनात, आणि येणार तरी कशी, आईबाप सकाळीच मजुरीला गेलेले, आठ वर्षांची पोरगी धाकट्याला कडेवर घेऊन घरी, तिचा भाऊ गुरं घेऊन रानात. तर ताराबाई-अनुताईंनी पोरांची वाट बघत बसणं सोडलं आणि शाळाच उचलून पाड्यावर नेली, कोणाच्या तरी सारवलेल्या अंगणात. गेल्या गेल्या पाटी-पेन्सिल नाही काढली, आधी पोरांना आंघोळी घातल्या, नखं कापली, केस विंचरले आणि मग गाणी, गोष्टी. माँटेसरी पद्धतीच्या बालशिक्षणात वापरतात ती सुबक लाकडी साधनं परवडणारी नव्हती, मग चिंचोके, खडे, शिंपले, झाडांची पानं, बिया, जे पाड्यावर सापडेल त्यावर मोजणं शिकवलं. कडेवरच्या बाळासाठी पाळणाघर, त्याला लागून बालवाडी आणि पुढे प्राथमिक शाळा हे सगळं एकाच ठिकाणी आणलं म्हणजे ताईही शिकेल आणि बाळही सांभाळलं जाईल, त्याला नाव दिलं विकासवाडी. आणि गुराख्यांसाठी कुरणशाळा, गुरं जिथे चरतात तिथेच बाई जाणार.

मला स्वतःला ह्यात सगळ्यात जास्त नखं कापण्याची गोष्ट भिडते. हुजूरपागेसारख्या नावाजलेल्या शाळेतली पक्की नोकरी सोडून आलेली बाई कोणाच्या तरी दारात बसून परक्या पोराची मातीने भरलेली नखं कापतेय, पोरगं हात मागे ओढतंय आणि ही त्याला बोलण्यात गुंतवतेय, असं चित्र माझ्या डोळ्यांसमोर येतं. हे डोळ्यांसमोर आलं ना की मग पद्मश्री सांगा, ती कुठून आली ते कळतं. आणि हो, पोरांना शिकवता शिकवता अनुताईंचं स्वतःचं शिक्षणही चालूच होतं, बी.ए. झाल्या तेव्हा पन्नाशी उलटली होती. आज गावोगावी जी अंगणवाडी दिसते तो शब्द बोर्डी-कोसबाडच्या ह्याच अंगणांतला, १९७५च्या २ ऑक्टोबरला केंद्राची बालविकास योजना सुरू झाली आणि तो देशभर गेला.

तेव्हा आईला 'तुझ्या आयुष्याबद्दल सांग' असं म्हणूच नका, कोणीही गप्पच बसेल. एक एकच विचारा. पहिल्या गावाला एसटी कुठपर्यंत जायची आणि पुढे चालायचीस किती? चार वर्ग एका खोलीत असताना पहिलीला शिकवतेस तेव्हा चौथीला काय कामाला लावायचीस? कापूस वेचायच्या दिवसांत पट अर्धा झाला की कोणाच्या घरी जायचीस, आणि तिथे काय ऐकून घ्यावं लागायचं? कुठली मुलगी सातवीनंतर घरी बसवली, तिच्या बापाला काय सांगितलंस? ती भाजी निवडत असताना विचारा, मोबाईलवर रेकॉर्ड करा (तिला सांगून हं), आणि ती बोलते तश्शीच भाषा ठेवा, प्रमाण करायला जाऊ नका. नावं आठवली नाहीत तर जुना ग्रुप फोटो समोर ठेवा, एकेका चेहऱ्यावर बोट ठेवत ती तासभर बोलेल बघा. जन्म-लग्न-बदल्यांचं पान शेवटी जोडा.

प्रश्न : आमच्या चौथीच्या बाई ९० वर्षांच्या आहेत, तालुक्याच्या गावीच असतात. ३० वर्षांनी भेटायला जायचंय. ओळखलं नाही तर फार वाईट वाटेल म्हणून दोनदा निघून परत फिरलो. काय करावं?
– एक वाचक, पुणे

उत्तर : दादा, तिसऱ्यांदा निघा आणि ह्या वेळी परत फिरू नका. आधी घरच्यांना फोन करून त्यांची झोपेची नि औषधाची वेळ विचारा. गेल्यावर 'ओळखलं का बाई' असं विचारून त्यांना परीक्षेला बसवू नका, स्वतःच सांगा, मी अमक्याचा मुलगा, आमची आळी ही, माझी मोठी बहीण पण तुमच्याच हाताखाली होती, मी खिडकीजवळ बसायचो. गावच्या बाईंना पोरं अशीच लक्षात असतात, घरावरून आणि भावंडांवरून. ऐकू कमी येत असेल तर जवळ, समोर बसा आणि सावकाश बोला. शाल-श्रीफळ नको, तुमच्या हस्ताक्षरातलं एक पान न्या, मोठ्या अक्षरात, चौथीतलं काय काय आठवतंय ते लिहून. आणि एवढं करूनही नाही ओळखलं तर नाही, बाईंना आठवत नसलेला वर्ग तुम्हाला आठवतोय ना, तो त्यांना सांगा, त्या ऐकतील.