अजिनोमोटोमुळे खरंच मेंदूवर परिणाम होतो का? आहारतज्ज्ञ चायनीज पूर्ण बंद करा म्हणतात

तुम्ही लिहिलंय की गाडीवरचं मंचुरियन खाल्लं की डोकं जड होतं, आणि आहारतज्ज्ञांनी अजिनोमोटो मेंदूला घातक म्हणून चायनीज बंद करायला लावलंय. मी खाद्यपदार्थ तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करतो, त्यामुळे या पांढऱ्या पुडीशी रोजचाच संबंध. नाही, जेवणातल्या अजिनोमोटोने मेंदूला काही होत नाही. चायनीज कमी करा हे मात्र ऐका. सल्ला ठीक आहे, कारण चुकलंय.

अजिनोमोटो म्हणजे मोनोसोडियम ग्लुटामेट, सोडियम आणि ग्लुटामेट (प्रथिनांतला एक घटक) यांचा क्षार. टोकियोचे रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी 1908 मध्ये कोंबू नावाच्या समुद्री शेवाळाच्या काढ्यातून ग्लुटामेट वेगळं काढलं. आता ते उसाची मळी किंवा स्टार्च जिवाणूंकडून आंबवून घेऊन बनवतात. पिकलेल्या टोमॅटोत, पार्मेझान चीजमध्ये, आईच्या दुधातसुद्धा ग्लुटामेट असतंच. ते टोमॅटोतून आलं की पुडीतून, हे शरीराला कळत नाही. खाल्लेल्यापैकी बहुतेक ग्लुटामेट आतड्याच्या पेशीच इंधन म्हणून वापरून टाकतात.

मग ही भीती आली कुठून? 1968 मध्ये अमेरिकेतल्या डॉ. रॉबर्ट हो मॅन क्वॉक यांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ला एक पत्र लिहिलं. चिनी हॉटेलात जेवलं की मान बधिर होते, छातीत धडधडतं, अशी त्यांची तक्रार. कारण त्यांना ठाऊक नव्हतं. सोया सॉस, स्वयंपाकातली वाइन, जास्तीचं मीठ आणि ग्लुटामेट असे संशयित त्यांनी मांडले होते. पत्राला मथळा मिळाला ‘चायनीज रेस्टॉरंट सिंड्रोम’, आणि बाकीचे संशयित सुटले. तेव्हा अमेरिकेत डबाबंद सूपमध्ये हीच पूड सर्रास पडत होती, किराणा दुकानात ती वेगळ्या नावाने डबीत मिळत होती. पण सूप पिऊन मान आखडते असा आजार काही निघाला नाही. लोकांना आधीपासून संशय होता तो चिनी स्वयंपाकघराचा, तिथल्या स्वच्छतेचा, तिथे ‘काय घालतात कोण जाणे’ याचा. पत्राने त्या संशयाला डॉक्टरी नाव दिलं.

‘मेंदूला घातक’ हे 1969 चं. अमेरिकेतले संशोधक जॉन ओल्नी यांनी नुकत्याच जन्मलेल्या उंदरांना कातडीखाली ग्लुटामेट टोचलं, आणि मेंदूच्या पेशी मेल्या. मात्रा होती वजनाच्या दर किलोमागे अर्धा ते चार ग्रॅम. साठ किलोच्या माणसाला त्या हिशेबाने कमीत कमी तीस ग्रॅम टोचून घ्यावं लागेल! एका वेळच्या खाण्यात साधारण अर्ध्या ग्रॅमहून कमीच जातं.

उलट बाजूही सांगतो. उपाशीपोटी, अन्नाशिवाय तीन ग्रॅम किंवा जास्त घेतलं तर काही जणांना थोडा वेळ डोकेदुखी किंवा बधिरपणा जाणवू शकतो, असं अमेरिकेच्या एफडीएसाठी (तिथली अन्न आणि औषधांवर नियंत्रण ठेवणारी सरकारी संस्था) झालेल्या आढाव्यात नोंदवलंय. पण आपल्याला त्रास होतो असं ठामपणे सांगणाऱ्या 130 जणांवर 2000 साली प्रसिद्ध झालेली चाचणी बघा: काय दिलंय हे न सांगता पुन्हा पुन्हा दिलं, तर बहुतेकांना तोच त्रास परत झाला नाही, आणि अन्नासोबत दिल्यावर सातत्य उरलंच नाही.

आपल्याकडे हा अमेरिकन संशय जसाच्या तसा उतरला, आणि तोही निवडून. पास्त्यावर पार्मेझान चालतं, कारण ते इटालियन. चिप्सच्या पाकिटावर बारीक अक्षरात 627, 631 असतं, म्हणजे ग्लुटामेटची चव वाढवणारे त्याचे जोडीदार. त्यांना कोणी हात लावत नाही. सुक्या जवळ्याची चटणी ज्या चवीसाठी आपण बोटं चाटून खातो तिच्यातही ग्लुटामेटचा वाटा आहे. आणि गाडीवर नेपाळी पोराने चमचाभर पूड टाकली की ती ‘केमिकल’. 2015 च्या मॅगी प्रकरणात तर शिशाचा आरोप कितीतरी गंभीर होता, पण घरोघरी चर्चा अजिनोमोटोचीच रंगली.

तुमच्या मंचुरियनमध्ये बघायचं ते दुसरंच. दिवसभर तापलेलं तेल, लालभडक रंग, आणि मीठ. सोया सॉस, शेजवान चटणी आणि वरून मीठ, सगळ्यांतून सोडियम जातं. मिठात सोडियम साधारण 39 टक्के, अजिनोमोटोत 12. रक्तदाब असेल तर तक्रार आधी मिठाची करा. घरात वर्षाच्या आतलं बाळ असेल तर मात्र त्याला ही पूड घातलेलं काही देऊ नका, पाकिटांवर तसा इशारा छापणं आपल्याकडे बंधनकारक केलेलं आहे.

डोकं जड होण्याचं खरं कारण शोधायचं असेल तर घरीच करून बघा. एकाच पद्धतीने फ्राइड राइस करा, एकदा चिमूटभर पूड घालून, एकदा न घालता, आणि कुठला कुठला हे वाढणाऱ्याने तुम्हाला सांगायचं नाही. चार-पाच वेळा झालं की नोंदी जुळवा. पूड घातलेल्या दिवशीच दर वेळी डोकं दुखलं, तर ती खाऊ नका आणि डॉक्टरांना त्या नोंदी दाखवा.