शोधनिबंध जर्नलकडे धाडण्याआधी : वाचकांचे प्रश्न

मानसशास्त्राच्या जर्नलसाठी शोधनिबंध तयार करण्याविषयी आलेल्या पत्रांपैकी काहींना या वेळी उत्तरं देत आहोत. शैलीचा प्रश्न येईल तिथे अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या (एपीए) नियमपुस्तिकेची सातवी आवृत्ती धरली आहे. तुमच्या जर्नलच्या लेखक-सूचना वेगळं काही सांगत असतील, तर त्या सूचनाच पाळा.

प्रश्न : माझा पीएचडीचा प्रबंध अडीचशे पानांचा आहे. प्रत्येक प्रकरण आटोपशीर करून एकत्र जोडलं, तर शोधनिबंध होईल का?

नाही होणार. आपण विषयावरचं सगळं वाचलं आहे हे परीक्षकाला दाखवणं, हे प्रबंधाचं एक काम असतं. शोधनिबंधाच्या वाचकाला त्यात रस नसतो. त्याला एक प्रश्न आणि त्याचं उत्तर हवं असतं. म्हणून कापाकापी सुरू करण्याआधी तो प्रश्न एका वाक्यात लिहा आणि त्याचं उत्तर ज्या तक्त्यात किंवा आलेखात आहे तो समोर ठेवा. या दोघांशी ज्याचा संबंध नाही ते बाजूला काढा, मग त्यामागे कितीही मेहनत असो. पूर्वसंशोधनाच्या प्रकरणातून बहुधा पाच-सहा परिच्छेदच उरतात. ‘व्यक्तिमत्त्व म्हणजे काय’ यासारख्या पाठ्यपुस्तकी व्याख्या जातात. शून्य परिकल्पनांची, म्हणजे ‘फरक नाही’ असं म्हणणाऱ्या विधानांची, क्रमवार यादीही जाते. जर्नलमध्ये ‘अमुक गटाचे गुण तमुक गटापेक्षा जास्त असतील’ अशी थेट अपेक्षा आणि तिचं कारण लिहायचं असतं.

लिहिताना आधी पद्धत आणि निष्कर्षांची आकडेवारी घ्या, मग प्रस्तावना, नंतर चर्चा आणि सगळ्यात शेवटी सारांश. प्रस्तावना आधी लिहिली की ती हमखास पसरते. सारांशाची मर्यादा बहुतेक ठिकाणी २५० शब्दांची असते. त्यात उद्देश, सहभागी कोण आणि किती, पद्धत, मुख्य आकडे आणि निष्कर्ष एवढं आलं पाहिजे. ‘निष्कर्षांची चर्चा केली आहे’ हे वाक्य शब्द खातं आणि काहीच सांगत नाही.

पद्धतीच्या भागात प्रबंधातून आलेले लेखक हमखास घसरतात. आपला अभ्यास कोणा अनोळखी माणसाला पुन्हा करून बघायचा आहे असं समजून तो लिहा. किती जणांना विचारलं, किती तयार झाले, किती जणांचा डेटा वगळला आणि कोणत्या कारणानं, वगळण्याचे निकष डेटा पाहण्याआधी ठरले होते की नंतर, हे सगळं हवं. प्रत्येक मापनीची विधानं किती, उत्तरांच्या श्रेणी किती, उलट गुणांकनाची विधानं कोणती, जास्त गुण म्हणजे काय, हेही हवं. आणि विश्वसनीयता तुमच्या नमुन्यावरची द्या. मूळ मापनीच्या पुस्तिकेतला अल्फा (विश्वसनीयतेचा गुणांक) उतरवून ठेवणं ही समीक्षकांची नेहमीची तक्रार आहे, आणि ती रास्त आहे, कारण विश्वसनीयता गुणांची असते आणि नमुना बदलला की गुण बदलतात. मापनी भाषांतरित असेल तर भाषांतर कोणी केलं, उलट भाषांतर करून ताडून पाहिलं का आणि हक्कधारकाची परवानगी घेतली का, हे दोन-तीन वाक्यांत सांगा. काय काय नोंदवायचं याची एपीएची यादी ‘जार्स’ या नावानं मोफत मिळते. ती शेजारी उघडी ठेवून लिहिलं तर निम्मी पत्रं आमच्याकडे यायचीच नाहीत.

एक सावधगिरी. प्रबंधात आठ परिकल्पना होत्या आणि त्यातल्या तीनच टिकल्या, म्हणून शोधनिबंधात तीनच दाखवणं चूक आहे. तसंच आकडे पाहून सुचलेली कल्पना आधीपासूनची म्हणून मांडणंही चूक. १९९८ साली नॉर्बर्ट कर यांनी या सवयीला ‘हार्किंग’ हे नाव दिलं आणि आता बहुतेक समीक्षक ती ओळखतात. नंतर सुचलेलं विश्लेषण जरूर द्या, फक्त त्यावर ‘अन्वेषणात्मक’ असं लिहा.

प्रश्न : ‘सांख्यिकीची नोंद अपुरी आणि विसंगत आहे’ एवढंच म्हणून संपादकांनी शोधनिबंध परत पाठवला. सगळी पी-मूल्यं दिली होती. अपुरं काय राहिलं?

पी-मूल्य, म्हणजे खरा फरक नसतानाही एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता, एकटं फारसं काही सांगत नाही. समजा, ३०-३० जणांच्या दोन गटांची तुलना आहे. पूर्ण नोंद अशी दिसते : टी(५८) = २.१०, पी = .०४०, कोहेनचा डी = ०.५४, ९५% विश्वास अंतराल [०.०२, १.०६]. सोबत दोन्ही गटांच्या सरासऱ्या आणि प्रमाण विचलनं. (टी ही चाचणीची किंमत, कंसातला आकडा स्वातंत्र्यमात्रा, आणि डी म्हणजे प्रमाण विचलनांत मोजलेला गटांमधला फरक.) शेवटचं अंतराल पाहा. परिणाम जवळजवळ शून्यही असू शकतो आणि खूप मोठाही, हे ते स्पष्ट सांगतं. नुसतं ‘पी < .०५’ लिहिलं की हीच माहिती झाकली जाते.

काही बारकावे. पी-मूल्य नेमकं द्यायचं, दोन किंवा तीन दशांशांपर्यंत; .००१ पेक्षा लहान असेल तरच ‘पी < .००१’. एसपीएसएस या सांख्यिकी सॉफ्टवेअरच्या तक्त्यात .००० दिसलं तरी ते तसं उतरवायचं नाही, कारण शून्य संभाव्यता असा त्याचा अर्थच नसतो. पी, सहसंबंध गुणांक आणि अल्फा १ च्या वर जाऊ शकत नाहीत, म्हणून त्यांच्या दशांशचिन्हाआधी शून्य लिहीत नाहीत. कोहेनचा डी १ च्या वर जाऊ शकतो, म्हणून तिथे लिहितात. एपीएच्या पद्धतीत तक्त्यांना उभ्या रेषा नसतात. आणि तक्त्यातले सगळे आकडे मजकुरात पुन्हा सांगायचे नसतात.

आता ‘विसंगत’ या शब्दाकडे. अनेक संपादक आणि समीक्षक ‘स्टॅटचेक’ नावाचं मोफत साधन वापरतात. एपीए शैलीत लिहिलेली चाचणीची किंमत आणि स्वातंत्र्यमात्रा घेऊन ते पी-मूल्य स्वतः काढतं आणि तुमच्याशी ताडून पाहतं. हे साधन तयार करणाऱ्यांनी २०१६ साली आठ मानसशास्त्रीय जर्नलमधले शोधनिबंध तपासले, तेव्हा सुमारे निम्म्यांत निदान एक विसंगती सापडली. बहुतेक विसंगती नकलताना किंवा पूर्णांकन करताना होतात. तेव्हा संपादकांच्या आधी तुम्हीच ते चालवून बघा. एकपुच्छी (एकाच दिशेचा फरक तपासणारी) चाचणी केली असेल तर तसं स्पष्ट लिहा, नाहीतर बरोबर आकडाही चुकीचा ठरतो.

दुसरी तपासणी ‘ग्रिम’. पूर्णांकांत उत्तर असलेल्या एकाच प्रश्नाची २५ जणांची सरासरी ०.०४ च्या पटीतच येऊ शकते : ३.४४ किंवा ३.४८. तिथे ३.४६ छापलं असेल तर काहीतरी बिघडलं आहे. बहुधा लबाडी नसते. एकानं उत्तर कोरं सोडलेलं असतं आणि २४ नं भागल्यावर ३.४६ येतं. पण ते लिहायचं राहून गेलेलं असतं. अनेक विधानांच्या मापनीला ही कसोटी तितकीशी लागू पडत नाही, कारण शक्य सरासऱ्या फार जवळजवळ येतात. स्वातंत्र्यमात्राही असंच बोलतात. दोन गटांच्या तुलनेत त्या सहभागींच्या संख्येहून दोननं कमी असतात, म्हणून पद्धतीत ६० सहभागी आणि निकालात टी(५६) दिसलं की ‘दोघं कुठे गेले?’ हा प्रश्न येणारच.

प्रश्न : नमुना लहान म्हणून समीक्षक ‘पॉवर’ विचारतात. अभ्यास झाल्यावर आलेल्या परिणामावरून पॉवर काढून दिली तर चालेल?

त्याचा उपयोग नाही. पॉवर म्हणजे खरा परिणाम असेल तर तो अभ्यासात सापडण्याची शक्यता. मिळालेल्या परिणामावरून काढलेली पॉवर म्हणजे तुमचंच पी-मूल्य वेगळ्या कपड्यांत. पी बरोबर .०५ असेल तर ती साधारण ५०% येते, बाकी नवं काही कळत नाही. त्याऐवजी ‘सेन्सिटिव्हिटी’ विश्लेषण द्या. जी-पॉवर हे मोफत सॉफ्टवेअर ते करतं. ३०-३० जणांच्या दोन गटांत, द्विपुच्छी चाचणीला, .०५ पातळीवर, ८०% पॉवरनं सापडू शकणारा किमान परिणाम डी = ०.७४ च्या आसपास आहे. म्हणजे मध्यम परिणामासाठी नमुना पुरेसा नव्हता, आणि हे मर्यादांमध्ये कबूल करावं लागेल. डी = ०.५ शोधायचा असता तर प्रत्येक गटात ६४ जण लागले असते. नमुना कसा ठरला याचं खरं कारण लिहा. ‘उपलब्ध वेळेत एवढेच मिळाले’ हेही कारण आहे, आणि मागाहून रचलेल्या गणितापेक्षा ते बरं.

प्रश्न : एकाच वेळी प्रश्नावली भरून घेऊन मोबाइलचा वापर, झोप आणि नैराश्य यांचं मध्यस्थी विश्लेषण केलं. ५,००० बूटस्ट्रॅप नमुने घेतले, अप्रत्यक्ष परिणामाच्या अंतरालात शून्य नव्हतं. तरी ‘कार्यकारणाचा दावा टिकत नाही’ असा शेरा आला.

शेरा बरोबर आहे. मध्यस्थी म्हणजे एका चलाचा परिणाम दुसऱ्यामार्फत तिसऱ्यावर होणं, इथे मोबाइलचा झोपेमार्फत नैराश्यावर. बूटस्ट्रॅप, म्हणजे त्याच डेटातून पुन्हा पुन्हा नमुने काढणं, अप्रत्यक्ष परिणामाच्या अंदाजाभोवतीची अनिश्चितता सांगतो. बाण कोणत्या दिशेनं जातो हे सांगत नाही. नैराश्यामुळे झोप बिघडली आणि झोप येत नाही म्हणून मोबाइल हातात आला, असा उलटा बाण काढलात तरी तीन चलांचं हे मॉडेल डेटाला तितकंच नेमकं बसतं, कारण त्याची स्वातंत्र्यमात्रा शून्य असते. मॅक्सवेल आणि कोल यांनी २००७ साली दाखवलं की काळाच्या ओघात घडणाऱ्या मध्यस्थीचा अंदाज एका वेळच्या मोजमापांवरून काढला, तर तो बराच चुकू शकतो.

डेटा आहे तोच राहणार, तेव्हा भाषा बदला. शीर्षकातून ‘परिणाम’ आणि ‘भूमिका’ हे शब्द काढून ‘संबंध’ आणा. ‘घटवतो’, ‘वाढवतो’ ही क्रियापदं चर्चेतून शोधून शोधून काढा, ती सारांशातही लपून बसतात. उलट दिशेचं स्पष्टीकरण तुम्हीच मांडा आणि त्याच्या विरुद्ध कोणता पुरावा आधीपासून आहे ते सांगा. सगळी मोजमापं एकाच व्यक्तीच्या एकाच बैठकीतल्या उत्तरांवर असल्यानं संबंध फुगलेले असू शकतात, हेही लिहा. हार्मनची एक-घटक चाचणी (सगळी उत्तरं एकाच घटकात गोळा होतात का, हे पाहणारी) करून हा प्रश्न मिटला असं म्हणू नका. ती कसोटी फार सैल आहे. एवढं करून शोधनिबंध आधीपेक्षा फिका वाटेल. पण स्वीकारला जाण्याची शक्यता त्याचीच जास्त.

प्रश्न : लेखकाची ओळख लपवून पाठवायला सांगितलं आहे. पहिल्या पानावरचं नाव काढलं की झालं ना?

नाव सगळ्यात सोपं. आभार, निधीचा क्रमांक, नैतिकता समितीच्या मंजुरीतलं संस्थेचं नाव, फाइलचं नाव, तिच्या गुणधर्मांतला लेखक, बदलांच्या नोंदी आणि सहलेखकांच्या टिपा, हे सगळं उरतं. वर्डमध्ये ‘इन्स्पेक्ट डॉक्युमेंट’ ही सोय फाइलमधली छुपी माहिती काढते. मात्र ती मूळ फाइलवर न चालवता प्रतीवर चालवा. मंजुरीबद्दल ‘लेखकांच्या संस्थेच्या समितीनं मान्यता दिली’ एवढं पुरतं.

स्वतःचे जुने संदर्भ सगळे काढून टाकू नका. तिथे पडलेली पोकळीच तुमची ओळख सांगते, शिवाय वाचकाला संदर्भ लागत नाही. ‘आम्ही मागील अभ्यासात’ याऐवजी इतर कोणाचाही द्यावा तसा तृतीयपुरुषी उल्लेख करा. डेटा ओएसएफ या संशोधन-साहित्य ठेवायच्या संकेतस्थळावर असेल तर ‘फक्त पाहण्यासाठी’ असलेला दुवा निनावी पर्याय निवडून तयार करा. तो प्रकल्पावरची नावं लपवतो, पण आतल्या फाइलींमध्ये लिहिलेली नावं तशीच राहतात. विश्लेषणाच्या कोडच्या पहिल्या ओळीत आणि फोल्डरच्या पत्त्यात नाव असतंच असतं, तिथे आवर्जून बघा.

प्रश्न : प्रबंध माझा, शोधनिबंध मी लिहिला. सर म्हणतात त्यांचं नाव पहिलं. विभागप्रमुखांचंही नाव घालायला सांगितलं आहे.

एपीएच्या नैतिक संहितेचं कलम ८.१२ दोन्ही गोष्टींवर स्पष्ट आहे. विद्यार्थ्याच्या पीएचडी प्रबंधावर मुख्यतः आधारलेल्या, अनेक लेखकांच्या लेखात अपवादात्मक परिस्थिती वगळता विद्यार्थीच प्रमुख लेखक असतो. आणि केवळ विभागप्रमुखासारखं पद असणं लेखकत्वाला पुरत नाही. हे सरांना तोंडावर वाचून दाखवणं अवघड आहे, मान्य. त्याऐवजी ‘क्रेडिट’ या पद्धतीतल्या १४ भूमिकांचा तक्ता भरून दोघांनी मिळून पाहावा : संकल्पना कोणाची, डेटा कोणी गोळा केला, विश्लेषण, पहिला मसुदा, देखरेख. बरीच जर्नलं हा तक्ता मागतातच, त्यामुळे तो भरणं कोणाला टोचत नाही आणि चित्र आपोआप दिसतं. ही बोलणी शोधनिबंध पाठवायच्या आदल्या आठवड्यावर ढकलू नका.

प्रश्न : संपादकांना लिहायच्या पत्रात काय असावं?

एक पान, त्याहून कमी असेल तर उत्तम. शीर्षक आणि लेखाचा प्रकार. प्रश्न आणि मुख्य निष्कर्ष दोन वाक्यांत. हेच जर्नल का, तेही त्याच्या विषयकक्षेशी जोडून. मग जाहीर करायच्या गोष्टी : लेख दुसरीकडे विचाराधीन नाही, नैतिक मंजुरी आहे, हितसंबंध आहेत किंवा नाहीत, प्रबंध, परिषद किंवा प्रीप्रिंट (समीक्षेआधी ऑनलाइन ठेवलेला मसुदा) यांच्या रूपात आधी काय प्रसिद्ध झालं आहे. याच डेटावर दुसरा शोधनिबंध असेल तर तो न लपवता सांगा आणि दोघांत कोणते चल सामाईक आहेत ते लिहा. संपादकांचं कौतुक वगळा. आणि आधी ज्यांनी नाकारलं त्या जर्नलचं नाव पत्रात राहिलेलं नाही ना, तेवढं बघा. हे वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा घडतं.

प्रश्न : वेळ वाचावा म्हणून दोन जर्नलांकडे एकदम पाठवू का?

नाही. एका जर्नलचा नकार लेखी आल्यावर, किंवा तुम्ही लेख रीतसर मागे घेतल्याची पोच मिळाल्यावरच दुसरीकडे पाठवा.

प्रश्न : भाषा सुधारायला एआयची मदत घेतली. सांगावं लागेल का?

जर्नलच्या सूचनांत त्याचा परिच्छेद शोधा. प्रकाशन-नीतीची ‘कोप’ ही संस्था एआयला लेखक मानत नाही, कारण मजकुराची जबाबदारी ते घेऊ शकत नाही. कुठल्या कामासाठी, कोणतं साधन वापरलं, हे एका वाक्यात जाहीर करणं सुरक्षित. संदर्भसूची मात्र त्याच्यावर सोपवू नका. अस्तित्वातच नसलेले संदर्भ ते सहज रचतं. प्रत्येक डीओआय (लेखाचा कायमचा ऑनलाइन क्रमांक) स्वतः उघडून लेख, वर्ष आणि लेखकांचा क्रम ताडून पाहा. सातव्या आवृत्तीत २० पर्यंत लेखकांची सगळी नावं सूचीत येतात, मजकुरात मात्र तीन किंवा जास्त लेखक असतील तर पहिल्या उल्लेखापासूनच ‘आणि इतर’.