सोनी ए६४०० साठी १६ एमएम एफ १.४ घ्यावी का?

तुम्ही विचारलंय: ए६४०० कॅमेरा आहे, सोबत आलेली १६-५० किट लेन्स आहे, वेरूळ-अजिंठा, घरचे कार्यक्रम आणि रात्रीचं आभाळ यासाठी सिग्माची १६ एमएम एफ १.४ घेऊ का?

मी तीच लेन्स चार वर्षं वापरतोय. घ्या, पण लेण्यांसाठी म्हणून घेऊ नका.

हिशोब असा. किट लेन्स १६ एमएमवर, म्हणजे तिच्या सगळ्यात रुंद टोकाला, एफ ३.५ देते (एफचा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त). एफ १.४ ला तिच्या सव्वासहा पट उजेड आत येतो, म्हणजे जिथं आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता; वाढवली की फोटो दाणेदार होतो) ६४०० लागत होता तिथं हजारात काम भागतं. कागदावर भारीच. पण किट लेन्समध्ये हात हलण्यावरचं स्टॅबिलायझेशन आहे; सिग्मात नाही आणि ए६४०० च्या बॉडीतही नाही. वेरूळच्या १० नंबरच्या लेणीत, त्या कमानीदार छताखालच्या अंधारात, खांबाला टेकून मी किट लेन्सने १/८ सेकंदाला बुद्धमूर्ती नीट टिपलीय. सिग्माने तिथं मला १/३० सेकंदापेक्षा सावकाश जायची हिंमत होत नाही. मिळालेल्या उजेडातला बराचसा तिथंच परत जातो. दगड काही हलत नाही हो! कैलास तर उघड्यावर, दिवसा उजेडाची ददातच नाही. अजिंठ्यात फ्लॅश चालत नाही, तिथंही भिंतीवरचा पद्मपाणी जागचा हलायचा नाही. (अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. पाहुण्यांना घेऊन जाऊन दारातून परत आलोय.)

ही लेन्स कामाला येते ती माणसं हलत असतात तिथं. गेल्या हिवाळ्यात आमच्या शेतात हुरड्याला सगळे जमले होते. अंधार पडला, उजेड फक्त आगटीचा. मावशी भाजलेली कणसं तळहातावर चोळत होत्या, फुंकर मारली की कोंडा उडायचा. तो उडता कोंडा धरायला १/१२५ सेकंद तरी हवाच, आणि तिथं स्टॅबिलायझेशनचा काडीचा उपयोग नाही. एफ १.४ ला तो फोटो निघाला. ही लेन्स २५ सेंटिमीटरपर्यंत जवळ जाऊ देते, त्यामुळं हात ठळक आणि मागची माणसं मऊ झाली. दोन-तीन मीटरवरून मात्र मागचं फारसं पुसट होत नाही. लग्नातले मऊ पार्श्वभूमीचे चेहरे हवे असतील तर ३० किंवा ५६ एमएमची लेन्स बघा. आणि ग्रुप फोटोत कडेला कुणाला उभं करू नका, चेहरा ताणला जातो; आत्या अजून बोलून दाखवतात.

आभाळासाठी चांगली. आकाशगंगा हवी असेल तर एप्रिल-मेमध्ये अमावास्येच्या आसपास, मध्यरात्रीनंतर, गावाच्या दिव्यांपासून लांब जा. २० सेकंदांपर्यंत तारे ठिपक्यासारखे राहतात, पुढं रेघा ओढायला लागतात. कोपऱ्यातल्या ताऱ्यांना पंख फुटलेले दिसले तर एफ २ करा. फोकस हातानं, एखादा ठळक तारा स्क्रीनवर मोठा करून.

वजन ४०५ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ तुमच्या कॅमेऱ्याएवढंच. सोनीची १५ एमएम एफ १.४ त्याच्या निम्म्याच्या आसपास आहे, पण खिसा जास्त हलका करते. माझ्यासारख्याला सिग्माच परवडते.

जुनी घेणार असाल तर दुकानातच परीक्षा घ्या. माझी पहिली जुनी होती, विकणाऱ्यानं "एकदम नवी" म्हणून दिली, आणि डावी बाजू कायम धूसर. भिंतीला पेपर चिकटवा, अगदी समोर सरळ उभे राहून एफ १.४ ला फोटो काढा, चारही कोपऱ्यांतली अक्षरं मोठी करून बघा. एकच कोपरा वेगळा दिसला तर पैसे खिशातच ठेवा.

त्याआधी एक फुकटचं काम करा. तुमची किट लेन्स कॅमेरा चालू केला की १६ वरच उघडते. आठवडाभर झूमला हात लावू नका. घरात, बाजारात, रानात तेवढ्यावरच काढा. सारखं पुढं सरकावंसं वाटलं तर तुमची लेन्स २३ एमएमची, दृश्य जरा जवळ आणणारी आहे, १६ ची नाही.